बाळंतपण माहेरी, ऐन पावसात: बाळाला झोपवायचं कुठे?

माणगावची_लेक

नमस्कार मंडळी. पहिलटकरीण आहे, तारीख ऑगस्टच्या मध्यावरची. राहायला पनवेलला, पण बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे माणगावच्या पुढे आत एका वाडीत. दवाखाना ठरलाय, तो प्रश्न नाही. प्रश्न आहे घरी आल्यावर बाळाला झोपवायचं कुठे. ऐकायला सोपा वाटतो, पण यावरून आमच्या घरात सध्या तीन पक्ष आहेत आणि युतीची चिन्हं नाहीत.

पक्ष पहिला, आई. माळ्यावरचा शिसवी पाळणा तिने उतरवून घेतलाय. लाकडाला तेल लावून झालं, साखळ्या चिंचेने घासून लखलखीत झाल्या, तुळईची कडी बाबांनी लोंबकळून तपासली (म्हणजे बाबांचं वजन पेललं, बाळाचं पेलेलच).

पक्ष दुसरा, आजी. तिच्या मते पाळणा बारशापुरता, शोभेला. झोपायचं ते झोळीत. तिची मऊ झालेली नऊवारी, मध्ये आडवी काठी. "पोर पोटातल्यासारखं आवळून झोपतं, तुझ्याही डोळ्याला डोळा लागेल." आजीने अख्खी वाडी झोळीत वाढलेली पाहिली आहे, त्यामुळे तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नाही.

पक्ष तिसरा, सासूबाई. त्यांनी ऑनलाइन एक झोपाळा मागवलाय. बटण दाबलं की आपोआप हलतो, गाणी वाजवतो, बाळ त्यात अर्धवट बसल्यासारखं तिरकं पडून राहतं. खोका येऊन पडलाय. नवरा अपक्ष. त्याने कुठले तरी व्हिडिओ बघून ठरवलंय की बाळाची खोलीच वेगळी असावी. आमचं पनवेलचं घर वन बीएचके आहे, याची त्याला आठवण करून द्यावी लागली.

माझ्या मनात सरळ खाली गादी घालावी असं होतं. पडायची भीती नाही, रात्री दूध पाजायला उठबस नाही. पण घर जुनं, कौलारू. माजघरालगतची बाळंतिणीची खोली, एकच खिडकी, आषाढ लागला की तीही बंद. फरशीला ओल येते. गेल्या पावसात सरपणात मण्यार निघाली होती, आणि कौलातून विंचू अंथरुणावर पडलेला मी स्वतः पाहिलाय. रात्री लाइट जाते ती सकाळी उगवते. म्हणून मग बाज, तर आई म्हणते बाजेवर तू आणि बाळ दोघं मावाल, आजीने बाजेखाली ठेवायच्या शेगडीसाठी कोळशाचं पोतं आणून ठेवलंय, आणि बाबा ओटीवर बसून विड्या ओढतात त्या वेगळ्या.

शहरातल्या फ्लॅटसाठीचे सल्ले वाचून झालेत. कुणी अशा घरात तान्हं बाळ सांभाळलं असेल तर सांगा.

बाबीची_आई

अगो इतका विचार कशाला करतेस? माझी तिन्ही झोळीतच वाढली, आज एक बँकेत आहे. आजीचं ऐक. फक्त उताणं झोपवू नको, दूध उलटून वर आलं तर ठसका लागतो. कुशीवर झोपव आणि डोक्याखाली मोहरीची उशी दे, डोकं छान गोल होतं.

पोलादपूरच्या_सिस्टर

माणगावच्या लेकी, मी निवृत्त परिचारिका. आधी प्रसूती वॉर्ड, मग उपकेंद्र, सगळी नोकरी रायगडात. तू सांगतेस तशी खोली मी शेकड्याने पाहिली आहे, त्यामुळे डोळ्यासमोर आहे. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

आधी बाबीच्या आईंना. ताई, राग मानू नका, पण उताणंच झोपवायचं. दिवसा, रात्री, प्रत्येक वेळी. ठसक्याची भीती सगळ्या आज्यांना असते आणि ती उगाच नाही, पण शरीराची रचना उलटं सांगते. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. उलटून आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचं तर वर चढावं लागतं. पालथं घातलं की ती खाली येते आणि दूध तिच्या तोंडाशीच साचतं. कुशीवरचं बाळ कलंडून पालथं होतं, म्हणून कुशीही नको. अमेरिकेत १९९४ पासून बाळं उताणी झोपवा म्हणून मोठी मोहीम चालवली, तेव्हा झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण काही वर्षांत निम्म्यावर आलं. त्यासाठी औषध लागलं नाही की यंत्र. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा आणि मग उताणं ठेवा.

मोहरीची उशी तर नकोच. तान्ह्याची मान अशी असते की डोक्याखाली जरा काही आलं की हनुवटी छातीकडे जाते. डोकं एका बाजूने चपटं होऊ नये असं वाटत असेल तर आज डोकं उशाकडे, उद्या पायथ्याकडे असं बदलत राहा, म्हणजे बाळ उजेडाकडे बघायला वेगवेगळ्या बाजूला मान वळवतं. आणि जागं असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, थोडा थोडा वेळ पालथं घाला.

आता तुझे पक्ष.

झोळी. आजीला कमी लेखू नकोस. भातलावणीला बायका बांधावर जायच्या तेव्हा पोराला मुंग्यांपासून, कुत्र्यांपासून, ओल्या जमिनीपासून उंच ठेवायला झोळीइतकं सोयीचं दुसरं काय होतं? पण झोळीत बाळ धनुकलीसारखं वाकतं. डोकं जड, मानेत जोर नाही, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. वाईट म्हणजे ते रडत नाही, धडपडत नाही, गप्प होत जातं. बाहेरून कापड, त्यामुळे चेहरा दिसत नाही. 'झोळीत छान झोपतं' म्हणतात ते खरंच आहे, आणि मला धास्ती तिचीच वाटते. आजीला अगदी राहवत नसेल तर दिवसा, स्वतः शेजारी बसून, तोंड दिसेल असं, आणि डोळा लागला की उचलून सपाट जागेवर. रात्री नाही.

सासूबाईंचा झोपाळा. त्यातही तीच हनुवटीची गोष्ट, फक्त गाणी जास्त. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ मध्ये सूचना सुधारल्या, त्यात १० अंशांहून जास्त उताराची जागा झोपेसाठी सुरक्षित नाही असं स्पष्ट म्हटलंय. प्रवासात गाडीतल्या खुर्चीत झोप लागली तर घरी पोचल्यावर बाहेर काढा, तिथेच झोपू देऊ नका.

पाळणा. तिघांत हा बरा, कारण तळाला फळी असते आणि फळी सपाट असते. पण आईला विचार, तळाला फळी आहे की नवार? नवार असेल तर सैल पडून मध्ये झोळ आलाय का? कठड्याच्या दांड्यांमधली फट ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर बाळ सरकून अंग बाहेर आणि डोकं आत अडकू शकतं. जुन्या शिसवी पाळण्यांत या फटी पुष्कळदा रुंद असतात. मोजून बघ. आत पातळ, घट्ट गादी, तळाच्या मापाची, कडेला फट राहणार नाही अशी. लोड, तक्के, कापडी कठडे, बाहुल्या, काही नको. वर टांगलेल्या चिमण्यांची दोरी हाताशी येईल इतकी लांब नको. बाळ कुशीवर वळायची धडपड करायला लागलं की टांगता पाळणा बंद.

बाजेचा गोंधळ वेगळा आहे. नवारीच्या खाटेवर तू झोपलीस की तुझ्या वजनाने खोलगा पडतो आणि बाळ घरंगळत त्या खोलग्यात तुझ्या अंगाखाली येतं. सपाट फळ्यांचा दिवाण असेल तर तोच झोपायला वापरा. भिंतीला पाऊण लावून ठेवू नका. एकतर पूर्ण टेकवा की बोटही जाणार नाही, नाहीतर चांगला हातभर लांब. अशा घरात मी लांबच ठेवायला सांगते, कारण विंचू भिंतीनेच येतो.

खाली गादी मात्र तुमच्या भागात पावसाळ्यात नको. मण्यार रात्री फिरते, आणि तिचा दंश झालेला कित्येकदा कळतही नाही, सूज नाही, फारशी आग नाही. जमिनीवर झोपलेली माणसंच तिला सापडतात. विंचवाचं म्हणशील तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रुजवल्यापासून आपल्याकडची कितीतरी पोरं वाचली, पण तान्ह्याला तो दंश जडच. बाळ अचानक किंचाळून रडायला लागलं, घामाने भिजलं, हातपाय गार पडले तर मांत्रिकाकडे नाही, थेट दवाखान्यात.

तर माझं सांगणं असं: अंथरूण दोघांचं वेगळं, मच्छरदाणी एकच. मोठी, चौकोनी, वर मांजरपाटाचं छत असलेली मच्छरदाणी शिवून घे. कौलातून काही पडलंच तर छतावर अडकतं. दिवाणावर तू, आणि हाताच्या अंतरावर, त्याच मच्छरदाणीत, बाळाची स्वतःची सपाट जागा. मच्छरदाणीच्या कडा चारही बाजूंनी गादीखाली खोचायच्या, लोंबत्या ठेवायच्या नाहीत. झोपण्याआधी अंथरूण झटकायचं, आत टॉर्च फिरवायची. बाजारात ती छत्रीसारखी उघडणारी छोटी मच्छरदाणी मिळते, ती दुपारी माश्यांपुरती ठीक. खालून उघडी असते, आणि बाळाचे हातपाय लागले की जाळी तोंडावर येते.

शेगडीचं पोतं आजीला परत करायला लाव. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. ओवा-वेखंडाची धुरीही नको. तुला शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी घे, आणि ती तुझ्या कमरेला, बाळाच्या अंथरुणात नाही. खिडकी बोटभर का होईना उघडी, तिला जाळी मारून घ्या. बाबांना सांग, विडी अंगणात, आणि बाळाला घ्यायच्या आधी हात धुऊन सदरा बदलायचा. विडी ओढणारं माणूस बाळाच्या अंथरुणात कधीही झोपता कामा नये.

मग ऊब कशी द्यायची? हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या आरोग्यदूतांना शिकवलं आणि पुढे आशाताईंच्या घरभेटींत आलं, त्यामुळे तुझी आशाही सांगेल. आपला हात उलटा करून बाळाच्या पोटाला लाव, मग तळपायाला. दोन्ही उबदार, तर छान. पोट उबदार आणि पाय गार, तर बाळाला थंडी वाजतेय, छातीशी कातडीला कातडी लावून घे, वरून दुपटं. दोन्ही गार, तर छातीशी धरूनच दवाखाना गाठ. मान घामेजली असेल तर उलट एक थर काढ. झोपताना टोपडं घालाल तर बंदाचं नको, आणि कुंची बाहेर जायच्या वेळीच. गळ्यातला काळा दोरा काढा. दृष्टीचं मनाला लागत असेल तर गालावर तीट लावा, तिला दोरी नसते.

माणगावातल्या आशाताईला आत्ताच नाव कळव. दवाखान्यात बाळंत झालीस तरी ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायला हवी. पहिल्याच भेटीत तिला अंथरूण दाखव.

ग्लासगोकर

सिस्टर, मस्त लिहिलंत. आमच्याकडे मिडवाइफ घरी आली तेव्हा पहिला प्रश्न तोच, बाळ कुठे झोपतं ते दाखवा. स्कॉटलंड सरकार २०१७ पासून प्रत्येक बाळाला एक पुठ्ठ्याचा खोका देतं, आत कपडे आणि तळाला गादी, म्हणजे तो खोकाच बाळाचा बिछाना. माझी आई इथे आली होती, तिने तो बघितला आणि म्हणाली, "नातवाला खोक्यात?" तिचा चेहरा अजून आठवतो. तीन दिवसांनी मात्र गावी फोनवर तिच खोक्याचं कौतुक करत होती.

इथे दोन गोष्टी शिकवल्या. एक, बाळाचे पाय बिछान्याच्या पायथ्याला टेकवून झोपवायचं, म्हणजे ते खाली सरकून पांघरुणात जात नाही, आणि पांघरूण काखेपर्यंतच, दोन्ही बाजूंनी खोचलेलं. दुसरी, सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन डोळा लागू द्यायचा नाही, ती सगळ्यात धोक्याची जागा. खोलीचं तापमान १६ ते २० अंश ठेवा असंही सांगतात, ते कोकणातल्या ऑगस्टला सांगून उपयोग नाही.

नवरोबांना सांगा, वेगळी खोली इथेही सांगत नाहीत. पहिले सहा महिने आईबापांच्याच खोलीत.

माणगावची_लेक

सिस्टरकाकू, काय बोलू! हे सगळं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. पाळणा मोजला: तळाला फळी आहे, सपाट आहे, पण दांड्यांतून माझी मूठ आरपार जाते. आई जरा खट्टू झाली.

दोन शंका. एक, बाळाची 'स्वतःची सपाट जागा' म्हणजे नक्की काय? दिवाण तीन फुटीच आहे. दुसरी, रात्री आडवं पडून पाजताना मला झोप लागली तर? मी बसल्या बसल्या झोपणारी बाई आहे. सिझर झालं तर दर वेळी उठून ठेवणंही जमेल की नाही, माहीत नाही.

सातारची_सून

सिझरवालीचा अनुभव: पहिले आठ-दहा दिवस मला स्वतःहून उठताच येत नव्हतं. बाळ पाळण्यात म्हणजे दर वेळी कुणाला तरी हाक. शेवटी नणंदेने खोलीतच अंथरूण टाकलं, ती बाळ उचलून द्यायची आणि पाजून झालं की ठेवायची. रात्रीची माणसं आधीच वाटून घ्या, हा माझा सल्ला. दिवसा बाळ बघायला सतराशे साठ येतात, रात्री दोन वाजता कुणी नसतं.

पोलादपूरच्या_सिस्टर

सातारच्या सूनबाईंचं खरं आहे. पाचवीला अख्खी रात्र जागवतात ना सटवाईसाठी, तसं कुणीतरी रोज थोडं जागं हवं. सटवाई काय लिहायचं ते लिहो, पण पहिला आठवडाच बाळाला सर्वांत नाजूक असतो आणि त्यात बाळंतिणीजवळ जागं माणूस असणं हे शहाणपणाचंच.

लेकी, तुझ्या शंका. गावात सुताराला सांगून दिवाणाच्याच उंचीचा, चार पायांचा, जमिनीवर पक्का उभा राहणारा, फळीच्या तळाचा पाळणा करून घे. टांगता नको, चाकाचा नको. तिन्ही बाजूंना उभ्या दांड्या, मध्ये फट ५ सेंटिमीटर. चौथी बाजूही बंदच ठेवा, फक्त बुटकी, म्हणजे बसल्या जागेवरून हात घालून उचलता येईल. तो दिवाणाला चिकटवून ठेवा, फट राहील असा नाही. मच्छरदाणी दोन्हींवरून एकच.

झोपेबद्दल. झोप लागणारच, सगळ्यांना लागते. म्हणून पाजताना झोप येईल असं वाटत असेल तर खुर्चीत बसून पाजू नकोस, दिवाणावर आडवी होऊनच पाज. त्यातल्या त्यात ती जागा कमी धोक्याची. पण आधी तयारी करून: तुझी उशी बाळापासून लांब, जाड गोधडी कमरेच्या वर नाही, केस बांधलेले, बाळ उताणं, त्याच्या दुसऱ्या बाजूला उशी किंवा माणूस नाही. जाग आली की बाळ त्याच्या जागेवर. हे बाळ पुऱ्या दिवसांचं आणि अडीच किलोच्या वरचं असेल तरच. बाळ आधी जन्मलं, वजन कमी भरलं, किंवा तुला गुंगीच्या गोळ्या चालू असतील, तर एका अंथरुणात अजिबात नको, तेव्हा नणंद, बहीण, आई, कुणीतरी उचलून ठेवायला हवंच.

कमी वजनाच्या बाळाला छातीशी बांधून ठेवायला सांगतील, कांगारू पद्धत. ती जरूर करा, पण बांधायचं कसं ते वॉर्डातून शिकूनच घरी या. बाळाचं तोंड एका बाजूला, नाक मोकळं, आणि तू पाठीमागे टेकून बसलेली.

बाबीची_आई

सिस्टर, आमच्या वेळी कुणी एवढं सांगितलं नाही हो. सुनेला दाखवते. एक विचारू का, दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं चालतं ना? नाहीतर बाळ स्वतःच्याच हातांनी दचकून उठतं.

पोलादपूरच्या_सिस्टर

चालतं ताई, उताणं असेल तर. छातीपाशी बेताचं, कमरेखाली सैल. पाय सरळ ओढून बांधायची आपल्याकडे सवय आहे, 'पाय वाकडे होतील' म्हणून. त्याने उलट खुब्याचा सांधा बिघडतो. बेडकासारखे पाय दुमडता आले पाहिजेत. वळायची चिन्हं दिसली की गुंडाळणं बंद.

माणगावची_लेक

शेवटचं अपडेट, मग मी आराम करते (आईचा हुकूम). सुतार येऊन माप घेऊन गेला. फणसाची फळी घरातलीच आहे. शिसवी पाळणा बारशाला टांगायचा, गोविंद घ्या गोपाळ घ्या म्हणायचं, फोटो काढायचे आणि संध्याकाळी बाळाला दिवाणाशेजारी आणायचं, असा तह झाला. मच्छरदाणी आजीच शिवतेय, तिच्याच नऊवारीच्या काठांची पट्टी खालून लावून, म्हणजे खोचायला जड पडते. झोळीवर पाणी सोडल्याचं तिने अजून तोंडाने कबूल केलेलं नाही. कोळशाचं पोतं मात्र गणपतीच्या जेवणाला ठेवलंय म्हणे. बाबा विडी घेऊन अंगणातल्या पडवीत गेलेत, तिथे गळतं, त्यामुळे विड्या आपोआप कमी झाल्यात.

राहिला सासूबाईंचा झोपाळा. परत करायला सांगितलं तर वाईट वाटेल, आणि सांगायचं नवऱ्याने की मी, यावर आमचं काल तासभर चाललं.

पोलादपूरच्या_सिस्टर

परत कशाला? ठेव. बाळ जागं असेल तेव्हा, पट्टा लावून, सासूबाईंनाच समोर बसवून हलवू दे. डोळे मिटायला लागले की त्यांनीच उचलून द्यायचं, हे काम त्यांना आत्ताच सांगून ठेव. गाण्यांचा आवाज मात्र कमी करून घ्या.